संत रोकचा कुत्रा आणि छत्र्यांचा कागद

तोर्रेसेका गावाचं गेली चारशे वर्षं प्लेगपासून रक्षण होत आलं आहे, ते संत रोक आणि त्यांच्या कुत्र्यामुळे. ही गोष्ट चर्चच्या दारावर दगडात कोरलेली आहे, त्यामुळे ती खरीच असणार. या चारशे वर्षांत गावात प्लेगचा एकही रोगी सापडलेला नाही. शेजारच्या पेन्याबाखा गावातही सापडलेला नाही आणि त्यांच्याकडे तर कुत्राही नाही. पण हा मुद्दा तोर्रेसेकात कोणी काढत नाही. निदान उत्सवात तरी नाही.

उत्सव सुरू झाला पंधरा ऑगस्टला दुपारी बरोबर बारा वाजता. म्हणजे बारा वाजून वीस मिनिटांनी; कारण बाण उडवायचा मान सरपंचांचा आणि सरपंचांना काडेपेटी सापडत नव्हती.

सूंऽऽऽ... धडाम!

"सुरू झालं!" वेगा किंचाळली आणि तिने बादलीभर पाणी शेजारी उभ्या असलेल्या फेमकेच्या डोक्यावर ओतलं.

"अगं! हे कशासाठी?"

"उत्सव आहे!" वेगा म्हणाली. ती अकरा वर्षांची होती आणि तिच्या मते हे कारण कशालाही पुरत होतं.

फेमके बारा वर्षांची. तिचं कुटुंब मे महिन्यात हॉलंडहून इथे राहायला आलं होतं. आईबाबा दोघंही कॉम्प्युटरवर काम करत. ते कुठूनही करता येतं; मग जिथे ऊन आहे तिथेच करावं, असं त्यांनी ठरवलं. ऑगस्टमध्ये ऊन किती असतं, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं. तीन महिन्यांत फेमके आणि तिचा आठ वर्षांचा भाऊ सीम गावची भाषा धडाधड बोलायला लागले होते. बाबाही बोलत. पण त्यांना सगळी क्रियापदं एकाच काळात येत असत.

आणि याच बाबांना, म्हणजे योस्त यांना, उद्या संतांची पालखी उचलायचा मान मिळाला होता! आठ खांदेकऱ्यांपैकी एकाच्या पाठीत उसण भरली होती. तोर्रेसेकात बाहेरच्या माणसाने पालखीला खांदा दिल्याचं कोणाला आठवत नव्हतं. अडचण एकच होती. बाबा बाकीच्या सात जणांपेक्षा वीतभर उंच होते. "गुडघे वाकवून चाल, नाहीतर संत घसरतील," असं त्यांना बजावलं होतं. म्हणून आठवडाभर ते खांद्यावर शिडी घेऊन, गुडघे वाकवून अंगणात फेऱ्या मारत होते. फेमकेने बाबांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत ब्राउलिओ आला. तो तेरा वर्षांचा. त्याचे आजोबा बासिलिओ गावची घंटा वाजवत, त्यामुळे गावात काय चाललंय हे त्याला सगळ्यांच्या आधी कळत असे.

"काहीतरी गडबड आहे," तो हळूच म्हणाला. "सकाळपासून पाच जणं आजोबांना कोपऱ्यात घेऊन विचारून गेली, 'बासिलिओ, तो तुझ्याकडे आहे ना?' आजोबा म्हणतात, 'माझ्याकडे कसा असेल? तुझ्याकडे नाही का?' मग प्रत्येक जण म्हणतो, 'छे छे, मी सहज विचारलं!' आणि घाम पुसत निघून जातो."

"तो म्हणजे कोण?" सीमने विचारलं.

"कुत्रा! आणखी कोण?"

संतांना प्लेग झाला तेव्हा कुत्र्याने पाव आणून जगवलं म्हणे, म्हणून उत्सवात संत रोक यांच्या मूर्तीच्या पायाशी त्यांचा लाकडी कुत्रा असतो, तोंडात खरा पाव दिलेला. जुन्या लढाईच्या काळात कोणी चर्चमधून पळवू नये म्हणून गावाने तो घरात लपवला आणि मग तीच रीत पडली. कुत्रा वर्षभर कोणा ना कोणाच्या घरी राहतो. उत्सव संपला की तो गुपचूप पुढच्या घरी जातो. कुठे आहे हे कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. ज्याच्याकडे असेल त्याने तो उत्सवाच्या पहिल्या दिवशी, संध्याकाळी आठच्या घंटेआधी, गुंडाळून चौकात आणायचा. बस्स.

"आजवर कधी चुकलं नाही," ब्राउलिओ म्हणाला. "पण यंदा मला वाटतं, सगळ्यांना वाटतंय की तो दुसऱ्याकडे आहे!"

"मग सरपंचांना विचारू या," फेमके म्हणाली. हॉलंडमध्ये असं करतात.

"सरपंच? ते काडेपेटी शोधतायत अजून!"

पण सरपंच काडेपेटी शोधत नव्हते. सरपंच सातुर्निनो पंचायतीच्या मागच्या अंगणात होते. हे चौघांना कळलं कारण सीम भिंतीवर चढला आणि म्हणाला, "ते एका कुत्र्याला रंग देतायत."

चौघं भिंतीवर ओळीने पोटावर आडवे झाले. खाली सरपंच हातात तपकिरी रंगाचा डबा घेऊन घामाघूम झाले होते. शेजारी फादर कास्तो कागदी फुलांची माळ घेऊन उभे होते. दोघांच्या मध्ये प्लास्टरचा कुत्रा होता. बागसामानाच्या दुकानात फाटकाजवळ ठेवायला मिळतो तसला. त्याच्या तोंडात 'सुस्वागतम' लिहिलेली पाटी होती.

"पाटी निघत नाहीये हो!" सरपंच रडवेल्या आवाजात म्हणाले.

"ओढू नका, जबडा निघेल! पाव पाटीवरच बसवू. वरून फुलं."

"फादर, हे पाप तर नाही ना?"

"पाप तुम्ही करताय. मी फक्त फुलं लावतोय."

"उद्या पेन्याबाखाची माणसं येणार! मोबाईल घेऊन! कुत्रा हरवला असं त्यांना कळलं तर पुढची चारशे वर्षं भुंकतील आपल्यावर! आठला पाच कमी असताना मी हा चादरीत गुंडाळून आणतो. म्हणायचं, कोणीतरी दारात ठेवून गेलं."

भिंतीवर वेगाला हसू आवरेना. ब्राउलिओने तिच्या तोंडावर हात दाबला. ती त्याला चावली. चौघंही भिंतीच्या अलीकडच्या बाजूला धपाधप पडले आणि पळत सुटले ते थेट आटलेल्या हौदापाशी येऊन थांबले.

"म्हणजे खरंच हरवला!" ब्राउलिओ म्हणाला. "आता काय?"

"आता शोधायचा," फेमके म्हणाली. "शेवटी कोणाकडे होता?"

वेगा पायाने माती उकरत होती.

"वेगा?"

"विचारायचं नसतं!"

"वेगा!"

"बरं! गेल्या वर्षी आमच्या पलंगाखाली होता. उत्सव संपल्यावर आजीने तो एंग्रासिया आजींना दिला. आता मला प्लेग झाला तर तुमच्यामुळे!"

"एंग्रासिया आजी तर लेकीकडे गेल्या, सारागोसाला," ब्राउलिओ म्हणाला. "मार्चमध्ये. घर विकून."

"कोणाला विकलं?" सीमने विचारलं.

तिघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"अच्छा," सीम म्हणाला. "आम्हाला."

दुपारचे साडेतीन वाजले होते. गाव जेवून गाढ झोपलं होतं. फक्त हौदापाशी चार डोकी एका फोनवर वाकली होती. एंग्रासिया आजी नव्वदीच्या होत्या आणि फोनवर ओरडून बोलायचं असतं असं त्या मानत.

"कोण वेगा? रेमेदिओसची नात? जेवलीस का गं?"

"जेवले आजी! आजी, कुत्रा कुठे आहे?"

"विचारायचं नसतं!"

"आजी, आठ वाजता घंटा आहे आणि कुत्रा कोणाकडेच नाही!"

"असं कसं? घरातच आहे तो. जिन्याखाली, डाव्या हाताला."

"पण घर तुम्ही विकलंत!"

"विकलं. कुत्र्यासकट विकलं. पाळी घराची असते गं, माणसाची नाही. नवी माणसं आणतील की चौकात."

"त्यांना हे सांगितलं होतंत का?"

"सांगायचं काय त्यात?" आजींना खरंच नवल वाटलं. "सगळ्यांना माहीत असतं!"

फोन ठेवल्यावर सगळे फेमकेकडे वळले.

"पण आमच्या घरात कुत्रा नव्हता!" फेमके म्हणाली. "शपथ! मी स्वतः जिन्याखालचं सगळं काढलं. तुटकी खुर्ची होती, बरण्या होत्या, आणि एक लाकडी मेंढी."

हौदावर एक माशी घोंघावत होती.

"कसली मेंढी?" ब्राउलिओने फार सावकाश विचारलं.

"एवढी. कान नव्हते. अंगभर कुरळी लोकर कोरलेली. पोटाखाली खुंटी होती, चाकांची असावी..."

"ती लोकर नाही, केस आहेत!" वेगा ओरडली. "पाणकुत्र्याच्या जातीचा आहे तो! पाणकुत्र्याचे केस कुरळेच असतात! आणि कान कधीच तुटलेत! खुंटी पालखीत रोवायला असते!"

"मला मेंढीच वाटली," सीम म्हणाला.

"सीम, तू गप्प बस!"

गावाचा चारशे वर्षांचा कुत्रा तिच्या घरात होता. आता नव्हता. आणि तो घराबाहेर कोणी दिला असणार, ते तिला माहीत होतं.

अंगणात बाबा शिडी घेऊन फेरी मारत होते. गुडघे अगदी बरोबर वाकले होते.

"बाबा, जिन्याखालची मेंढी कुठे गेली?"

"मेंढी? सोडतीला दिली!" बाबा आनंदाने म्हणाले. "मिलाग्रोसबाई दारोदार बक्षिसं मागत होत्या ना! अकरा वस्तू दिल्या. सगळ्या नीट कागदात गुंडाळून. त्यांनी उघडूनसुद्धा पाहिलं नाही, म्हणाल्या, चला, माझं काम वाचलं! आपणही गावासाठी काहीतरी करायला हवं, नाही का?"

"हो बाबा," फेमके म्हणाली. गावाला कळलं तर उद्या बाबांचा खांदा गेलाच. आणि मग ती शिडी कायम भिंतीला टेकून राहील. बाबा काही बोलणार नाहीत. बाबा कधीच काही बोलत नाहीत.

"कोणत्या कागदात, बाबा?"

"निळा. पांढऱ्या छत्र्यांचा. हॉलंडहून आणलेला."

चौकात सोडतीचा मांडव सहा वाजता उघडला. मागच्या बाजूला पार्सलांचा पिरॅमिड रचला होता. प्रत्येक पार्सलाला कपड्यांच्या चिमट्याने नंबराची चिठ्ठी लावलेली. समोर पिंपात तिकिटं. आणि मधोमध, कमरेवर हात ठेवून, बेकरीवाल्या मिलाग्रोस मावशी.

"दिसलं!" ब्राउलिओ कुजबुजला. "सगळ्यात खाली, मधोमध. निळं, छत्र्यांचं, सगळ्यात मोठं. नंबर दोनशे चौदा. जड होतं म्हणून पायाला घातलंय!"

फेमके आधी सरळ मार्गाने गेली. "मावशी, बाबांनी चुकून एक पार्सल जास्त दिलं. ते परत मिळेल का?"

"पोरी, इथे आलं ते संतांचं झालं," मावशी म्हणाल्या. "नंबर निघाल्याशिवाय पार्सल हलत नाही. एकवीस वर्षं मी इथे उभी आहे. माझ्या सख्ख्या भावाला मिक्सर हवा होता, रडला माझ्यापुढे. दिला? नाही दिला!"

"अजून बोलत नाही तिच्याशी," मागून एक म्हातारा म्हणाला. तो भाऊ होता.

मग चौघांनी आइस्क्रीमचे सगळे पैसे एकत्र करून बारा तिकिटं काढली. अकरा तिकिटांवर 'पुन्हा प्रयत्न करा' असं छापलेलं होतं. बाराव्यावर सदतीस नंबर होता.

"झालं!" ब्राउलिओने कपाळावर हात मारला. "सदतीस म्हणजे ते वरचं चपटं. साबणाची पेटी असणार."

फेमके मात्र त्या चिमट्यांकडे बघत होती.

"ब्राउलिओ," ती म्हणाली, "पार्सल हलत नाही. पण चिठ्ठी हलते की!"

"म्हणजे?"

"सदतीसची चिठ्ठी खालच्या पार्सलाला लावायची आणि दोनशे चौदाची त्या साबणाला. दोन मिनिटं पुरतील. टेबलाखालून जाईल एवढा लहान माणूस हवा."

सगळ्यांनी सीमकडे पाहिलं. सीमने छाती फुगवली.

"आणि मावशी?" वेगा म्हणाली. "त्या जागेवरून हलत नाहीत. पाणी प्यायलासुद्धा जात नाहीत!"

"पासोदोब्ले नाचाची धून वाजली तर हलतील," ब्राउलिओ एकदम म्हणाला. "नाचायला त्यांना फार आवडतं. पण त्यांच्या नवऱ्याच्या पाठीत उसण आहे, म्हणून यंदा जोडीदार नाही. बँडमध्ये माझा आतेभाऊ आहे. वाजवायला मी लावतो. माणूस तू शोध!"

फेमकेने माणूस शोधला. तो चौकाच्या कडेला ऑलिव्ह खात उभा होता आणि बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच होता.

"बाबा, मिलाग्रोस मावशींना नाचायला विचारा ना!"

"मला नाचता येत नाही, फेमके."

"बाबा, आपणही गावासाठी काहीतरी करायला हवं, नाही का?"

बाबांनी शेवटचं ऑलिव्ह तोंडात टाकलं आणि हात पुसले.

साडेसातला बँडने पासोदोब्ले सुरू केला. मिलाग्रोस मावशींचा डावा पाय आपोआप हलायला लागला. समोर बाबा कमरेत वाकून उभे राहिले. मावशींनी पिरॅमिडकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, एप्रन सोडला.

"एकच गाणं!" त्या म्हणाल्या. "आणि वेगा, मांडवावर लक्ष ठेव!"

"ठेवते मावशी!" वेगा म्हणाली. इतकं खरं ती वर्षभरात बोलली नव्हती.

सीम टेबलक्लॉथखाली गडप झाला. चौकात सगळं गाव गोल करून उभं राहिलं. कारण बाबा सवयीने गुडघे वाकवून नाचत होते. "वा रे हॉलंडवाले!" कोणीतरी ओरडलं. लोक टाळ्या पिटू लागले. बँडवाल्यांना चेव आला. आणि मांडवात मागे एक छोटासा हात वर आला, चपट्या पार्सलाचा चिमटा काढून खाली गेला. मग बराच वेळ काहीच झालं नाही.

"काय करतोय हा?" ब्राउलिओ दातओठ खात म्हणाला. "झोपला की काय?"

गाणं संपत आलं. ट्रम्पेट शेवटच्या सुरावर चढला. आणि सीम टेबलाखालून बाहेर आला. केसांत कोळ्याचं जाळं, तोंडाला चॉकलेट.

"एक पार्सल फाटलं होतं थोडं," तो म्हणाला. "चिठ्ठ्या बदलल्या. शपथ!"

मावशी लाल होऊन, धापा टाकत, एप्रन बांधत परत आल्या. घड्याळात आठला दहा कमी होते. वेगाने तिकीट पुढे केलं. "सदतीस!"

मावशींनी चष्मा लावला. वर शोधलं, मधे शोधलं, मग खाली वाकल्या. "हे? सगळ्यात खालचं? चिठ्ठ्या कोणी लावल्या या?"

"तुम्हीच, मावशी," वेगा गोड आवाजात म्हणाली.

मावशींनी पार्सल ओढलं. पिरॅमिड एक क्षण विचारात पडला. मग धडधड धडधड... पार्सलं, चिमटे, बरण्या, एक फुटबॉल, सगळं चौकभर पसरलं! हसण्याचा कल्लोळ उसळला. ब्राउलिओने निळं पार्सल उचललं. "चल, पळ!"

"थांबा!" मावशी गरजल्या. "उघडा! सगळ्यांसमोर उघडायचं असतं!"

फेमके जागीच थांबली. ही रीत तिला कोणी सांगितली नव्हती. सगळ्यांना माहीत असतं!

"उघड! उघड! उघड!" अख्खा चौक टाळ्यांच्या तालावर ओरडू लागला. ब्राउलिओने तिच्याकडे पाहिलं. तिने मान डोलावली. दुसरं काय करणार? छत्र्यांचा कागद टर्रकन फाटला.

आणि संत रोक यांचा कुत्रा, बिनकानाचा, कुरळ्या केसांचा, चौकाकडे बघत उभा राहिला.

नेमक्या त्याच क्षणी पंचायतीच्या दारातून सरपंच चादरीत काहीतरी गुंडाळून घेऊन आले. पायरीवरच त्यांना कुत्रा दिसला. ते पुतळ्यासारखे उभे राहिले.

"हे पार्सल कोणी दिलं होतं?" मिलाग्रोस मावशींनी विचारलं.

"मी! मी दिलं!" बाबा गर्दीतून हात उंच करून आले. चेहरा आनंदाने फुललेला. "ही माझी मेंढी!"

"मेंढी?" गर्दी पुटपुटली. "मेंढी म्हणतो? आपल्या कुत्र्याला?" एक खांदेकरी पुढे सरसावला. "संतांचा कुत्रा सोडतीत काढला याने!"

बाबांचा हात हळूहळू खाली आला. नक्की काय झालंय ते त्यांना कळलं नव्हतं. पण आपण काहीतरी मोडलंय, एवढं कळलं होतं.

फेमके बाकावर चढली.

"बाबांना माहीत नव्हतं!" ती ओरडली. "कुत्रा आमच्या जिन्याखाली होता आणि आम्हाला कोणी सांगितलं नाही! चूक झाली. चिठ्ठ्या बदलायची युक्तीही माझीच. बाबांना पालखीला खांदा देता यावा म्हणून गुपचूप आणणार होते मी तो! पण मला एक सांगा. सकाळपासून आज गावात कोणाला माहीत होतं, कुत्रा कुठे आहे ते? हात वर करा!"

एकही हात वर झाला नाही. बरीच माणसं आपापले बूट न्याहाळू लागली. फादर कास्तो आकाशाकडे बघत होते.

"आठ वाजून पाच मिनिटं झाली," कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं. "घंटेआधी आणायचा असतो. आता काही उपयोग नाही."

काठी टेकत बासिलिओ आजोबा पुढे आले. ब्याऐंशी वर्षांचे. घाईघाईने बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं.

"घंटा मी वाजवतो," ते म्हणाले. "मी इथे आहे. म्हणजे आठ वाजलेले नाहीत."

दोन-तीन जणांनी आपापली घड्याळं बाहीत सारली.

"आता रीत काय सांगते?" आजोबा पुढे म्हणाले. "पाळी घराची. ज्या घरात कुत्रा, त्याने तो गुंडाळून, घंटेआधी, चौकात आणायचा. ह्यांनी गुंडाळला? गुंडाळला. चौकात आणला? हा काय चौक! घंटा झाली? नाही. मग कोणाचं काय म्हणणं आहे? आजवर कागदात कोणी गुंडाळला नव्हता, एवढंच. सेबास्तियानच्या बापाने तर एका वर्षी गोणपाटात आणला होता, कांद्यांसकट!"

आधी एक जण हसला. मग सगळा चौक. मिलाग्रोस मावशींनी एप्रनने डोळे पुसले आणि फेमकेला बाकावरून उचलून घट्ट धरलं. "एकवीस वर्षांत मला कोणी फसवलं नव्हतं गं, लबाडे! पुढच्या वर्षी मांडवात तूच बस माझ्याशेजारी. चोर ओळखायला चोरच हवा!"

"आणि तो खालचा छोटा चोर," मावशींचा भाऊ म्हणाला, "त्याने माझ्या बहिणीची चॉकलेटं खाल्ली. शाब्बास!"

"सरपंच, तुमच्या चादरीत काय आहे हो?" वेगाने एकदम विचारलं. साळसूदपणे.

सगळ्या माना वळल्या. सरपंच चार वेळा निवडून आले होते, ते उगाच नव्हे. त्यांनी चादर झटकन दूर केली आणि प्लास्टरचा कुत्रा दोन्ही हातांनी उंच धरला.

"गावातर्फे," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "आपल्या नव्या कुटुंबाला छोटीशी भेट! वाचा, काय लिहिलंय!"

फुलांआडून पाटीवरचं 'सुस्वागतम' दिसत होतंच. टाळ्यांचा कडकडाट झाला. रंग अजून ओला होता. तो बाबांच्या शर्टाला लागला आणि पुढे कधीच निघाला नाही.

मग बासिलिओ आजोबा डुलत डुलत घंटाघरात गेले आणि तोर्रेसेकात आठ वाजले. इतर ठिकाणी तेव्हा साडेआठ होत आले होते.

दुसऱ्या दिवशी पालखी निघाली. पायाशी कुत्रा, तोंडात मावशींच्या भट्टीतला ताजा पाव. बाबा सगळ्या रस्त्याने गुडघे वाकवून चालले. फक्त चर्चच्या वळणावर आनंदाच्या भरात सरळ झाले, तेव्हा संत जरासे पेन्याबाखाच्या पाहुण्यांवर झुकले. त्यांनी तो आशीर्वाद समजून डोकी खाली केली. फादर कास्तोंनी प्रवचनात नाव न घेता चार मुलांच्या हुशारीची तारीफ केली आणि नाव न घेता काही मोठ्या माणसांच्या विसराळूपणाबद्दल क्षमा मागितली. सरपंच सगळ्यात जोरात 'आमेन' म्हणाले. कुत्रा पुढच्या वर्षासाठी कोणाच्या घरी गेला, हे अर्थात सांगता येणार नाही.

ऑक्टोबरमध्ये प्रांताच्या संग्रहालयातून एक बाई आल्या. संतांच्या मूर्तीची आणि कुत्र्याची डागडुजी करायची होती. दोन दिवस त्यांनी भिंगातून पाहिलं, लाकूड तपासलं, रंगाचे थर मोजले आणि चार पानांचा अहवाल पंचायतीला दिला. सरपंचांनी तो एकदा वाचला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

ती मेंढी होती.